इंड एएस ११६ (लीजसाठीचं नवीन भारतीय अकाउंटिंग स्टँडर्ड) च्या तयारीच्या नोंदी – भोसरी प्लांट, फायनान्स टीम

१७ सप्टेंबर २०१८

गणपतीच्या गडबडीतच आज पहिली मीटिंग झाली. सीएफओ सरांनी सगळ्यांना बसवून स्पष्ट सांगितलं की १ एप्रिल २०१९ पासून लीजचं नवीन स्टँडर्ड लागू होणार हे धरूनच चालायचं, नोटिफिकेशन अजून आलेलं नसलं तरी. आंतरराष्ट्रीय आयएफआरएस १६ जानेवारी २०१६ मध्येच आलंय आणि बाहेर १ जानेवारी २०१९ पासून लागू होतंय, आपल्या सीएंच्या इन्स्टिट्यूटचा एक्स्पोजर ड्राफ्टही (स्टँडर्डचा मसुदा) हातात आहे, म्हणजे मजकूर काय असणार ते जवळजवळ माहितीच आहे. वाट बघत बसलो तर एप्रिल-मे मध्ये क्लोजिंग, ऑडिट आणि हे सगळं एकदम अंगावर येईल.

नवीन आलेल्या मुलांसाठी बदल काय ते इथेच लिहून ठेवतो. आत्तापर्यंत इंड एएस १७ मध्ये (लीजचं जुनं स्टँडर्ड) भाडेकरू कंपनीने ठरवायचं की लीज फायनान्स आहे का ऑपरेटिंग, आणि ऑपरेटिंग असेल (आमची बहुतेक तशीच) तर महिन्याचं भाडं खर्चात टाकलं की विषय संपला, बॅलन्स शीटवर काहीच नाही. आता तो फरकच भाडेकरूसाठी गेला. पुढची जी भाडी द्यायचीच आहेत त्यांची आजची किंमत काढायची, ती लायबिलिटी म्हणून दाखवायची आणि समोर राइट-ऑफ-यूज ॲसेट, म्हणजे वस्तू वापरण्याचा हक्क हीच मालमत्ता, आम्ही आरओयूच म्हणतो. पुढे आरओयूवर डेप्रिसिएशन आणि लायबिलिटीवर व्याज. ज्याने मालमत्ता भाड्याने दिलीय त्याचं अकाउंटिंग मात्र साधारण पूर्वीसारखंच राहतंय.

२७ सप्टेंबर, गुरुवार

प्लांटला सुट्टी, त्यामुळे शांतपणे लेजर उपसता आले.

सगळ्यांचा पहिला विचार असतो की भाड्याचं जीएल (जनरल लेजरचं खातं) काढा, तेवढीच लीज. तसं नाहीये. नवीन व्याख्येत ॲग्रीमेंटचं नाव काय आहे याला काही अर्थ नाही, एखादी ठरावीक वस्तू आहे का, तिचा जवळजवळ सगळा फायदा आपल्याला मिळतो का, आणि ती कशी आणि कशासाठी वापरायची ते आपण ठरवतो का एवढंच बघायचं. म्हणजे सर्व्हिसच्या नावाखाली, जॉबवर्कच्या नावाखाली, अगदी गॅसच्या बिलात पण लीज लपलेली असू शकते. म्हणून आम्ही उलटीकडून सुरुवात केली, वर्षभराचं पेमेंट काढलं आणि ज्या व्हेंडरला दर महिन्याला तेवढीच किंवा तेवढ्याच्या आसपास रक्कम जाते ते सगळे वेगळे काढले. ही ट्रिक ज्यांना हे काम करायचंय त्यांनी जरूर वापरा, हायर चार्जेस, लॉजिस्टिक्स, कॅन्टीन, सिक्युरिटी, आयटी सगळीकडून नावं निघतात. फोर्कलिफ्ट निघाल्या, एक डीजी सेट (डिझेल जनरेटर) निघाला, पॅलेट रॅक निघाले जे स्टोअर्सवाल्यांना वाटत होतं की आपलेच आहेत.

आता प्रत्येकाचा कागद शोधायचा. पीओ (पर्चेस ऑर्डर) सिस्टीममध्ये आहे पण मूळ ॲग्रीमेंट कुठे पर्चेसच्या कपाटात, कुठे ॲडमिनकडे, कुठे लीगलच्या फाइलमध्ये, आणि दोन शाखांचे तर तिथल्या मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये. पर्चेसच्या काकांनी आपणहून त्यांची पिवळी रजिस्टरं काढून दिली, ज्यात प्रत्येक रिन्यूअल पेनाने लिहिलंय. ती रजिस्टरं नसती तर काम कितीतरी अडलं असतं.

११ ऑक्टोबर

आज नुसत्या केसेस. ऑडिटरची टीम पण बसली होती, बरं झालं, नंतर वाद नकोत.

कामगारांच्या बसेस: निगडी, हडपसर, आळंदी असे रूट आहेत आणि कॉन्ट्रॅक्ट मोठं आहे. पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटलं ही लीजच. पण ॲग्रीमेंट वाचलं तर त्यात फक्त सीट किती आणि गाडी किती वर्षांपेक्षा जुनी नको एवढंच आहे, गाडीचा नंबर कुठेच नाही. पर्चेसचे काका म्हणाले, "अहो सकाळी कुठली बस येईल ते ट्रॅव्हल्सवालाच ठरवतो, त्याच गाड्या दुपारी दुसऱ्या कंपनीला जातात, रविवारी लग्नाला." म्हणजे बदलायचा हक्क खरा आहे, त्याला ते सहज जमतंय आणि त्यात त्याचा फायदाही आहे. ठरावीक वस्तूच नाही तर लीज नाही. सर्व्हिस.

सिनियर मॅनेजर्सच्या गाड्या बरोबर उलट. लीजिंग कंपनीकडून ४८ महिन्यांसाठी, गाडी ठरलेली, वापर आमचा. लीज. त्यात मेंटेनन्सही एकाच बिलात आहे. तो भाग वेगळा काढायचा का सगळं एकत्र लीज धरायचं, स्टँडर्ड दोन्ही करू देतं, पण कुठल्या प्रकारच्या मालमत्तेला काय ते ठरवून तसंच पाळावं लागतं. गाड्यांसाठी आम्ही वेगळं काढायचं ठरवलं, कारण नाहीतर लायबिलिटी उगाच फुगते.

नायट्रोजनची टाकी: हीट ट्रीटमेंटला लागतो. गॅस कंपनीने त्यांची टाकी आमच्या आवारात फाउंडेशनवर बसवलीय, गॅसचा दर वेगळा आणि दर महिन्याला टाकीचा फिक्स चार्ज वेगळा. टाकी फक्त आमच्यासाठी, काढून दुसरी बसवणं गॅसवाल्याला महागात पडेल, कधी किती गॅस घ्यायचा ते आमची शिफ्ट ठरवते. म्हणजे यात लीज आहे! अकाउंट्समधल्या कुणाच्याही डोक्यात ही आली नसती, ती मेंटेनन्सच्या माणसाने सांगितली. म्हणूनच हे काम एकट्या फायनान्सने करायचं नाहीये, शॉप फ्लोअरवर जाऊन विचारल्याशिवाय यादी पूर्ण होत नाही.

२९ ऑक्टोबर

शेडवरचं सोलर. डेव्हलपरने स्वतःच्या खर्चाने पॅनल लावलेत, आम्ही युनिटप्रमाणे पैसे देतो, वीज सगळी आम्हीच घेतो. इथे प्रश्न असा की सूर्य उगवला की वीज तयार होणार, त्यात रोज ठरवण्यासारखं काही उरतच नाही, मग निर्णय कुणाचा? अशा वेळी बघायचं की प्लांट डिझाइन कुणी केला आणि चालवतो कोण. दोन्ही डेव्हलपर. म्हणून लीज नाही असा निष्कर्ष. आणि समजा लीज निघालीच असती तरी पैसे पूर्णपणे युनिटवर अवलंबून आहेत, किमान रक्कम काहीच नाही, त्यामुळे लायबिलिटीत शून्यच गेलं असतं. तरी मेमो लिहिला. पुढच्या वर्षी कुणीतरी विचारणारच.

एमआयडीसीचा प्लॉट. पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक कारखान्याला हा विषय आहे, ९५ वर्षांची लीज, प्रीमियम सुरुवातीलाच भरलेला आणि वर्षाचं भाडं नाममात्र. लायबिलिटी जवळपास काही येत नाही पण फिक्स्ड ॲसेटच्या शेड्यूलमधून लीजहोल्ड लँड उचलून आरओयूमध्ये न्यावी लागणार. आकडा तोच, जागा वेगळी. आमच्याकडे ती आधी फायनान्स लीज म्हणून धरलेली होती त्यामुळे ३१ मार्चची रक्कम जशीच्या तशी पुढे घेता येते.

१५ नोव्हेंबर

दिवाळी झाली, आता लीज टर्म. माझ्या मते या सगळ्या स्टँडर्डमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, रेटवर लोक खूप चर्चा करतात पण मुदत चुकली तर आकडा पूर्णच बदलतो.

चाकणचं गोडाऊन घ्या. महाराष्ट्रात बहुतेक जण लीज न करता लीव्ह अँड लायसन्स करतात, कायद्याने ते लीज नाही, पण या स्टँडर्डला त्याचं काही नाही, कब्जा आणि वापर आमचा तर ती लीजच. ॲग्रीमेंट ३६ महिन्यांचं, रजिस्टर केलेलं, लॉक-इन फक्त १२ महिन्यांचं. लॉक-इननंतर आम्ही नोटीस देऊन सोडू शकतो, मालक मात्र ३६ महिने काढू शकत नाही. मग मुदत १२ का ३६? १२ धरली तर शॉर्ट-टर्मची सूट मिळते आणि बॅलन्स शीटवर काहीच येत नाही, म्हणून मोह खूप होतो. पण सोडायचा हक्क फक्त आपल्याकडे असेल तर प्रश्न हा की आपण तो वापरणार नाही याची वाजवी खात्री आहे का. आम्ही तिथे रॅकिंग केलंय, फ्लोअर मजबूत करून घेतलाय, आणि कस्टमरचा प्लांट तिथून जवळ आहे म्हणून तर ते घेतलं. १३ व्या महिन्यात कोण सोडेल? ३६ धरले. ३६ नंतरचं रिन्यूअल मालकाच्या संमतीशिवाय होत नाही म्हणून ते धरलं नाही.

हा निर्णय एक्सेल देऊ शकत नाही. लॉजिस्टिक्स हेडला समोर बसवून विचारलं की तुम्ही इथे किती वर्षं राहणार, त्यांनी प्रामाणिकपणे उत्तर दिलं आणि सही पण केली. प्रत्येक जागेसाठी असा एक पानाचा कागद हवा.

गेस्ट हाऊसचे ११ महिन्यांचे फ्लॅट शॉर्ट-टर्ममध्ये सोडले.

३ डिसेंबर

लो-व्हॅल्यू, म्हणजे कमी किमतीच्या वस्तूंच्या लीजला असलेली सूट. स्टँडर्डमध्ये रकमेचा आकडा नाही, आंतरराष्ट्रीय बोर्डाने चर्चेत ५,००० डॉलरच्या आसपासची वस्तू मनात धरली होती, ती पण नवी असतानाची किंमत. लॅपटॉप, प्रिंटर, वॉटर प्युरिफायर बाहेर. गाड्या कितीही जुन्या असल्या तरी आतच.

८ जानेवारी २०१९

डिस्काउंट रेट. लीजमध्ये दडलेला व्याजदर आम्हाला काढता येत नाही कारण मालकाचा हिशोब आपल्याला माहिती नसतो, म्हणून इन्क्रिमेंटल बॉरोइंग रेट, म्हणजे तेवढ्याच मुदतीसाठी, तशाच तारणावर, तशीच मालमत्ता घ्यायला आपल्याला कर्ज कितीने मिळालं असतं. ट्रेझरीने सांगितलं आपला कॅश क्रेडिटचा रेट लावून टाका. ते चालत नाही, कॅश क्रेडिट हे स्टॉक आणि डेटर्सच्या तारणावर एका वर्षाचं आणि इथे लीज तीन, पाच, नऊ वर्षांची. टर्म लोनच्या कोटेशनवरून मुदतीप्रमाणे गट केले आणि सारख्या लीजना एकच रेट लावायची जी सवलत आहे ती घेतली.

जर्मनीतल्या सबसिडियरीला रुपयातला रेट लावायचा नाही हे ठळक लिहून ठेवतो. युरोतलं भाडं, युरोतला रेट. तिथल्या स्थानिक कायद्याच्या हिशोबात ऑपरेटिंग लीज बॅलन्स शीटवर येतच नाही, त्यामुळे त्यांच्या अकाउंटंटला हा सगळा उद्योग फक्त ग्रुपसाठी करायचाय, आणि त्यांचं भाडं महागाई निर्देशांकाला बांधलेलं आहे. निर्देशांक पुढे किती वाढेल याचा अंदाज करायचा नाही, आजचा धरायचा, भाडं खरंच वाढलं की लायबिलिटी परत मोजायची. आमच्या इथली ठरलेली ५ टक्के वाढ मात्र पहिल्या दिवसापासून मोजणीत. जीएसटीचं काय करायचं असा प्रश्न आला, आमच्याकडे तो मोजणीत घ्यायचाच नाही.

१३ फेब्रुवारी

बजेट दोन्ही पद्धतीने केलं. बिझनेस हेडना समजावं म्हणून सोपं उदाहरण बनवलं ते इथे ठेवतो.

वर्षाला १२ लाख भाडं, वर्षाच्या शेवटी द्यायचं, ५ वर्षं, रेट १० टक्के. आजची किंमत ४५.४९ लाख. तेवढीच लायबिलिटी, तेवढाच ॲसेट. डेप्रिसिएशन दर वर्षी ९.१० लाख. पहिल्या वर्षी व्याज ४.५५, म्हणजे एकूण खर्च १३.६५ लाख, जिथे पूर्वी १२ होता. पाचव्या वर्षी व्याज फक्त १.०९, एकूण १०.१९. पाच वर्षांची बेरीज दोन्हीकडे ६० लाखच. खिशातून जाणारा पैसा एक रुपयाने बदलत नाही, पण एबिटडा (व्याज, कर आणि डेप्रिसिएशन वजा करण्याआधीचा नफा) दर वर्षी १२ लाखांनी वाढतो आणि सुरुवातीच्या वर्षांत प्रॉफिट कमी दिसतो.

यातून दोन गोष्टी निघाल्या ज्या फायनान्सच्या बाहेरच्या आहेत. एक, एचआर. व्हेरिएबल पे एबिटडावर आहे, टार्गेट तसंच ठेवलं तर काहीही न करता लोकांचं टार्गेट पूर्ण होईल आणि ते बरोबर नाही, म्हणून टार्गेट नव्या पद्धतीवर आणायचं ठरलं. दुसरी, बँक. सँक्शन लेटरमध्ये एकूण बाहेरील देणी भागिले टँजिबल नेट वर्थ (इनटँजिबल, म्हणजे अमूर्त, मालमत्ता वगळून उरलेलं नेट वर्थ) असा रेशो आहे. लीज लायबिलिटी देण्यांमध्ये धरणार का? आणि आरओयू ॲसेटला बँक इनटँजिबल समजून नेट वर्थमधून वजा करणार का? तसं केलं तर दोन्हीकडून मार. रिलेशनशिप मॅनेजर फोनवर म्हणाला काही प्रॉब्लेम नाही सर. फोनवरचं चालणार नाही, लेखी हवं. पत्र दिलंय, इंड एएस ११६ च्या आधीच्या पद्धतीने रेशो मोजावा अशी विनंती आहे.

४ मार्च

ऑडिट कमिटीसमोर नव्या स्टँडर्डवर जायच्या पद्धतीची निवड. पूर्ण मागे जाऊन केलं तर २०१८-१९ चे आकडे पण बदलावे लागतात, प्रत्येक लीजचा सुरुवातीपासूनचा इतिहास हवा, आणि जुने रेट शोधायचे. सुधारित पद्धतीत मागचं वर्ष तसंच राहतं. ती घेतली, आरओयू लायबिलिटीएवढाच, आगाऊ भरलेलं किंवा बाकी भाडं समायोजित करून, म्हणजे रिझर्व्हला धक्का नाही. एका इंडिपेंडंट डायरेक्टर मॅडमनी विचारलं की मग गुंतवणूकदाराला मागच्या वर्षाशी तुलना कशी करता येईल. एकदम रास्त प्रश्न. उत्तर असं दिलं की प्रत्येक तिमाहीत नोटमध्ये परिणामाचा आकडा देऊ, नुसतं "तुलना करता येणार नाही" असं वाक्य टाकून सोडणार नाही. मिनिट्समध्ये लिहून घ्यायला सांगितलंय.

३० मार्च, शनिवार

आलं! कंपनी मंत्रालयाचं नोटिफिकेशन आज निघालं, लागू सोमवारपासून. सोबत आयकरातल्या अनिश्चित बाबींचं अपेंडिक्स वगैरे इतर दुरुस्त्या पण आहेत, त्या सोमवारी बघू. मजकूर ड्राफ्टशी ताडून बघितला, आमच्या कामाला लागणारं काही बदललेलं नाही. सहा महिन्यांपूर्वी सुरू केलं म्हणून आज झोप लागेल.

२४ एप्रिल

काल मतदान होतं, आज पुन्हा क्लोजिंग. मार्च २०१९ च्या अकाउंट्समध्ये स्टँडर्ड लागू नाही पण इंड एएस ८ प्रमाणे येणाऱ्या स्टँडर्डचा अंदाजित परिणाम सांगावा लागतो. बऱ्याच ठिकाणी "कंपनी परिणाम तपासत आहे" एवढंच लिहितात. आमच्याकडे आकडा तयार आहे, मग द्यायचा.

१६ मे

रिकन्सिलिएशनवर भरपूर वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. ३१ मार्चला जुन्या पद्धतीने जाहीर केलेली लीज कमिटमेंट आणि १ एप्रिलची लायबिलिटी, या दोन आकड्यांत फरक का ते सांगावं लागतं. आमचा फरक मुख्यतः तीन ठिकाणचा: डिस्काउंटिंगने कमी, शॉर्ट-टर्म आणि लो-व्हॅल्यू वगळल्याने कमी, आणि पूर्वी फक्त लॉक-इनपुरतं धरायचो तिथे आता पूर्ण मुदत धरली म्हणून जास्त. नायट्रोजनची टाकी जुन्या आकड्यात नव्हती, ती वेगळ्या ओळीत दाखवली. ऑडिट मॅनेजर म्हणाली लपवलं नाहीत ते चांगलं केलंत.

२७ जून

पालख्या पुण्यात, अर्धी टीम रस्त्यावर सेवेला, मी आणि आयटीचा माणूस सॅप सॉफ्टवेअरच्या आरई-एफएक्स (जागा आणि लीजच्या) मॉड्यूलमध्ये. एक्सेल आणि सिस्टीम दोन महिने समांतर चालवून जुळवले, फरक निघाले ते तारखांचे होते, भाडं महिन्याच्या सुरुवातीला का शेवटी. आता एक्सेल फक्त वाचायला.

कंट्रोल पण लिहिले, कारण इंटर्नल फायनान्शियल कंट्रोलवर ऑडिटरला मत द्यावं लागतं. मुख्य कंट्रोल एकच: कुठलंही नवीन, रिन्यू किंवा रद्द होणारं ॲग्रीमेंट सहीच्या आधी एका फॉर्मसकट आमच्याकडे आलं पाहिजे. पर्चेस, ॲडमिन, प्लांट मेंटेनन्स, तिघांकडे एकेक माणूस ठरवला.

६ ऑगस्ट

दोन दिवस धो धो पाऊस, भिडे पूल पाण्याखाली, तरी लिमिटेड रिव्ह्यूची (तिमाही निकालांच्या मर्यादित तपासणीची) टीम पोचली. पहिल्या तिमाहीचे निकाल १४ ऑगस्टच्या आत. नोटमध्ये कबूल केल्याप्रमाणे दिलंय: इतर खर्च किती कमी, डेप्रिसिएशन किती जास्त, व्याज किती जास्त, करपूर्व नफ्यावर निव्वळ परिणाम किती. बँकेचं पत्र पण आलं, कव्हेनंट (कर्जाच्या अटीतला तो रेशो) जुन्याच पद्धतीने मोजणार, लेखी. फाइलला लावलं. आयकरात भाडंच वजावट म्हणून मिळत राहणार, त्यामुळे डेफर्ड टॅक्सची (अकाउंट्स आणि आयकर यांतल्या वेळेच्या फरकाची) एक छोटी ओळ वाढली, तिचं वर्किंग टॅक्स टीमकडे आहे.

ॲनालिस्ट कॉलमध्ये एकाने विचारलं मार्जिन एवढं कसं सुधारलं. सीएफओ सरांनी आधी लीजचा भाग वेगळा काढून सांगितला, मग उरलेली सुधारणा.

१२ सप्टेंबर

पर्चेसच्या काकांचा फॉर्म आला, रांजणगावच्या नवीन गोडाऊनचा, ॲग्रीमेंट अजून ड्राफ्टच आहे. त्यांनी स्वतः खाली लिहिलंय की मालक ६० महिने म्हणतोय आणि लॉक-इन २४, रॅक आपण बसवणार, मुदत किती धरायची ते कळवा म्हणजे तसं बोलतो. मी कळवलं की अकाउंटिंगसाठी मुदत कमी-जास्त करू नका, धंद्याला जेवढे दिवस खरंच हवंय तेवढ्याचंच बोला, आमचं आम्ही मोजू. आता ३० सप्टेंबरच्या अर्धवार्षिक निकालाची तयारी, यावेळी बॅलन्स शीट आणि पहिल्यांदाच अर्ध्या वर्षाचा कॅश फ्लो पण द्यायचाय, त्यात लीजच्या मुद्दल आणि व्याजाचे पैसे ऑपरेटिंगमधून फायनान्सिंगमध्ये जाणार. त्याची नोट शुक्रवारपर्यंत.